जुन्या चिप्ससाठी जुना प्रोग्रॅमर: कोणता शोधावा, घेताना काय तपासावे, पहिल्यांदा कसा चालवावा

सत्तर-ऐंशीच्या दशकातला संगणक, आर्केड बोर्ड, सिंथेसायझर किंवा मोजमापाचे उपकरण दुरुस्तीला घेतले की कधी ना कधी रॉमपाशी, म्हणजे यंत्राचा कायमचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपपाशी, गाडी अडतेच. चिपमधला मजकूर उडालेला असतो, किंवा तो शाबूत आहे तोवर त्याची प्रत काढून ठेवायची असते. दोन्हीसाठी चिप प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमधला मजकूर वाचणारे आणि तीत नवा लिहिणारे यंत्र, लागतो. आज मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी प्रोग्रॅमरांपैकी बरेच नव्या फ्लॅश चिप्ससाठी बनवलेले आहेत. २१ किंवा २५ व्होल्ट मागणाऱ्या जुन्या ईप्रॉमपुढे (अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा भरता येणाऱ्या रॉमपुढे) त्यांतले कित्येक हात टेकतात. म्हणून वापरलेला जुना प्रोग्रॅमर घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, पण तो घेताना नेमके काय बघायचे हे माहीत हवे.

नवशिके बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतात. जाहिरातीत 'इतक्या हजार चिप्स चालतात' असे वाचून यंत्र घेतात आणि आपल्याला हव्या असलेल्या चार चिप्सच त्या यादीत नसतात. त्यामुळे सुरुवात यंत्रापासून करू नका. आधी आपल्या चिप्सची यादी करा.

पहिली पायरी: हातातल्या चिप्सची यादी

बोर्डवरची प्रत्येक रॉम, पाल (प्रोग्रॅम करायची लॉजिक चिप) आणि मायक्रोकंट्रोलर पाहा आणि वरचा पूर्ण क्रमांक वहीत उतरवा. कंपनीचे नाव, मागेपुढे लागलेली अक्षरे, सगळे उतरवा, कारण एका अक्षराने व्होल्टेज बदलते. २७३२ला प्रोग्रॅमिंगसाठी २५ व्होल्ट लागतात, तर २७३२एला २१. इंटेलच्या २७३२एच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे की २० क्रमांकाच्या पिनवर २२ व्होल्टपेक्षा जास्त गेले तर चिप कायमची बिघडते. म्हणजे 'ए' वाचायचा राहिला आणि २५ व्होल्ट दिले, तर चिप गेलीच म्हणून समजा.

ईप्रॉमचा साधारण हिशेब असा:

२७०८ ही १ किलोबाइटची चिप आहे. तिला साध्या वापरातही तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२. प्रोग्रॅम करताना १८ क्रमांकाच्या पिनवर २६ व्होल्टचे ठोके (पल्स) द्यावे लागतात. हे जमणारी यंत्रे मोजकी आहेत.

२७१६ म्हणजे २ किलोबाइट, एकच ५ व्होल्टचा पुरवठा आणि प्रोग्रॅमिंगला २५ व्होल्ट. एक सापळा इथे लक्षात ठेवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ नावाला २७१६ असली तरी तीन व्होल्टेजवाली आहे आणि तिच्या पिनाही वेगळ्या आहेत. त्याच कंपनीची टीएमएस२५१६ मात्र इंटेलच्या २७१६सारखी आहे.

२७३२ आणि २५३२ या दोन्ही ४ किलोबाइटच्या, दोन्हींना २५ व्होल्ट, पण पिना वेगळ्या. २७३२मध्ये प्रोग्रॅमिंग व्होल्टेज २० क्रमांकाच्या पिनवर येते आणि २१ क्रमांकावर पत्त्याची ओळ (चिपमधली जागा निवडणारी पिन) ए११ असते. २५३२मध्ये व्होल्टेज २१ क्रमांकावर आणि ए११ ही १८ क्रमांकावर. एकीच्या जागी दुसरी निवडून प्रोग्रॅम केली तर भलत्याच पिनवर २५ व्होल्ट जातात.

२७६४ आणि २७१२८ बहुधा २१ व्होल्टच्या. त्यांच्याच 'ए' आवृत्त्या १२.५ व्होल्टच्या. २७२५६ आणि २७५१२ १२.५ व्होल्टच्या. २७सी६४पासून २७सी५१२पर्यंतच्या सीमॉस चिप्स साधारण १२.५ ते १३ व्होल्टच्या घरात. पण क्रमांकात 'सी' दिसला म्हणून खुशाल १२.५ समजू नका. नॅशनलची एनएमसी२७सी१६ सीमॉस असूनही २५ व्होल्ट मागते. शंका आली की त्याच कंपनीचे, त्याच चिपचे माहितीपत्रक उघडा. दुसऱ्या कंपनीच्या पत्रकावर भागवू नका.

ईप्रॉमखेरीज यादीत आणखी काही असेल तर ते वेगळे मांडा. ८२एस१२३, ८२एस१२९ यांसारख्या बायपोलर प्रॉम असतील. यांच्या आत सूक्ष्म फ्यूज असतात आणि प्रोग्रॅमर ते प्रवाहाने जाळतो. एकदा जळलेला फ्यूज परत येत नाही. पाल१६एल८, गॅल१६व्ही८, गॅल२२व्ही१० या लॉजिक चिप्स असतील. ८७४८, ८७४९, ८७५१ हे खिडकीवाले मायक्रोकंट्रोलर असतील. प्रत्येक गटाला स्वतःची पद्धत लागते, आणि यंत्राचा भाव खरा वाढतो तो बायपोलर प्रॉममुळे. तुमच्या यादीत त्या फक्त वाचायच्या असतील, तर साध्या ५ व्होल्टवर त्या इतर रॉमसारख्याच वाचता येतात. प्रोग्रॅम करू शकणारे महागडे यंत्र त्यासाठी घ्यायची गरज नाही.

यादी झाली की प्रत्येक चिपपुढे 'वाचायची' की 'लिहायची' हे नोंदवा. निम्म्या लोकांचे काम इथेच हलके होते, कारण २७०८सारख्या तीन व्होल्टेजच्या चिप्स सोडल्या तर वाचायला जास्तीचे व्होल्टेज लागतच नाही.

दुसरी पायरी: यंत्राचा वर्ग ठरवणे

जुन्या बाजारात साधारण चार तऱ्हेची यंत्रे दिसतात.

पहिली, संगणकाच्या आत आयएसए स्लॉटमध्ये कार्ड बसवून चालणारी. हाय-लो सिस्टिम्सचा ऑल-०३ आणि नीडहॅम्सचा पीबी-१० ही ओळखीची नावे. ऑल-०३ला चिप्सची यादी मोठी आहे, बायपोलर प्रॉमसुद्धा. पण कार्ड आणि बाहेरचा डबा ही जोडी आहे. नुसता डबा विकायला असेल तर तो घेऊ नका. कार्ड सुटे मिळायची वाट पाहण्यात वर्ष जाते.

दुसरी, पॅरलल पोर्टवर चालणारी. ऑल-०७, नीडहॅम्सचा ईएमपी-२०, झेल्टेकचे जुने सुपरप्रो आणि विलेम नावाने ओळखले जाणारे उघड्या पीसीबीचे प्रोग्रॅमर यात येतात. ईएमपी-२०मध्ये चिपच्या गटाप्रमाणे छोटे फॅमिली मॉड्यूल बदलावे लागतात. यंत्र स्वस्तात दिसले तरी सोबत कोणती मॉड्यूल आहेत हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. विलेममध्ये व्होल्टेज आणि पिना जंपर-स्विचांनी ठरवाव्या लागतात. काळजीपूर्वक काम करणाऱ्याला तो चालतो. घाईने काम करणाऱ्याच्या हातात तो चिप्स मारतो.

तिसरी, संगणकाशिवायही चालणारी किंवा सीरियल पोर्टवर बोलणारी मोठी यंत्रे: डेटा आय/ओचे २९बी आणि युनिसाइट, स्टॅगची पीपी मालिका, डेटामॅनची हातात मावणारी एस३ आणि एस४. संगणकाचे वय काहीही असो, सीरियल पोर्ट यूएसबी अडॅप्टरवरूनही नीट चालतो, हा यांचा मोठा गुण. आमच्या मते ज्याच्याकडे जुना डॉस संगणक नाही आणि तो सांभाळायची इच्छाही नाही, त्याने या वर्गाकडे आधी पाहावे. यंत्र जड असते, जागा खाते, पण बांधणी कारखान्यात रोज वापरायला केलेली असते. २९बीला यूनिपॅकसारखा पॅक, म्हणजे चिप बसवायचा सुटा भाग, लागतो. पॅकशिवाय २९बी म्हणजे नुसता कीबोर्ड आणि डिस्प्ले. युनिसाइट फ्लॉपीवरून सुरू होते आणि तिच्या फ्लॉप्या नसतील तर ती उपयोगाची नाही.

चौथा वर्ग जुना नाही, पण स्वस्तात वापरलेला मिळतो: टीएल८६६ मालिका. यात आवृत्ती पाहणे अत्यावश्यक आहे. टीएल८६६ए आणि टीएल८६६सीएस २१ व्होल्टपर्यंत देतात. त्यांच्यानंतर आलेला टीएल८६६-टू-प्लस १८ व्होल्टवरच थांबतो. म्हणजे जुन्या चिप्ससाठी इथे जुने यंत्र नव्यापेक्षा सरस आहे. त्यांच्या पुढचा टी४८ २५ व्होल्टपर्यंत जातो. ए आणि सीएस या आवृत्त्यांना कंपनीचे नवे सॉफ्टवेअर चालत नाही; त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती ६.८५ आहे. शिवाय मिनिप्रो नावाचे खुले सॉफ्टवेअर लिनक्सवर या यंत्रांना चालवते.

तुमची यादी २७६४पासून पुढे जात असेल, सोबत दोन-चार गॅल असतील, तर टीएल८६६ए किंवा सीएसवर काम भागते. २७१६ आणि २७३२ लिहायच्या असतील तर २५ व्होल्टचे यंत्र हवेच. २१ व्होल्टवर पुन्हा पुन्हा फिरवून २५ व्होल्टची चिप कधी कधी भरते, पडताळणीतही पास होते. ती मात्र भरवशाची नसते: आत साठलेला विद्युतभार कमी असतो आणि चिप गरम झाली किंवा पुरवठा जरा खाली-वर झाला की बिट उलटतात. तात्पुरत्या चाचणीला ठीक, यंत्रात कायम बसवायला नाही.

२७०८ आणि टीएमएस२७१६ यांच्यासाठी वेगळेच सांगतो. या दोन-चार चिप्ससाठी मोठे यंत्र शोधत बसण्यापेक्षा, बोर्डवर अडॅप्टर लावून त्यांच्या जागी २७१६ किंवा २७सी मालिकेतली चिप बसवणे सोपे पडते. मूळपणाचा आग्रह असेल तरच २७०८ लिहिणारे यंत्र शोधा.

तिसरी पायरी: शोधणे

'ईप्रॉम प्रोग्रॅमर' एवढेच शोधले तर सगळ्यांना दिसतात तीच यंत्रे तुम्हालाही दिसतील आणि भाव चढलेले असतील. विकणाऱ्याला बहुतेक वेळा वस्तू काय आहे हे माहीत नसते. म्हणून 'ईप्रॉम बर्नर', 'प्रॉम ब्लास्टर', 'डिव्हाइस प्रोग्रॅमर', 'गँग प्रोग्रॅमर', 'झिफ सॉकेटचे उपकरण' (झिफ म्हणजे दांड्याने उघडणारे, चिप जोर न लावता बसणारे सॉकेट) अशा शब्दांनी शोधा, आणि नुसत्या कंपनीच्या नावानेही. बंद होणाऱ्या कारखान्यांच्या, दुरुस्ती केंद्रांच्या आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या जुन्या सामानाच्या लिलावात अशी यंत्रे 'टेस्ट इक्विपमेंट' या नावाखाली एकगठ्ठा विकली जातात. छंदी लोकांच्या देवाणघेवाणीत भाव थोडा जास्त लागेल, पण तिथे यंत्र चालते की नाही हे विकणारा खरे सांगू शकतो. नवशिक्याने त्याला किंमत द्यावी.

गँग प्रोग्रॅमर, म्हणजे आठ किंवा सोळा सॉकेटांचे, एका मूळ चिपवरून एकदम अनेक प्रती काढणारे यंत्र, बऱ्याचदा सर्वांत स्वस्त दिसते. त्याची चिप्सची यादी छोटी असते. पण त्या छोट्या यादीत २७१६ ते २७५१२ बसत असतील आणि सीरियल पोर्ट असेल, तर छंदाला तेवढे पुष्कळ आहे.

चौथी पायरी: पैसे देण्यापूर्वीचे प्रश्न

विकणाऱ्याला हे विचारा आणि फोटो मागा:

सॉफ्टवेअर सोबत आहे का, आणि कोणती आवृत्ती? आंतरजालावर ते आजही मिळते का, हे पैसे देण्याआधी स्वतः तपासा. सॉफ्टवेअर उतरवून घ्या, त्याची चिप्सची यादी उघडा आणि आपल्या वहीतला प्रत्येक क्रमांक तीत शोधा. ही तासाभराची मेहनत सगळ्यात जास्त पैसे वाचवते. सॉफ्टवेअर कुठेच मिळत नसेल तर भाव कितीही पाडला तरी यंत्र घेऊ नका.

सॉफ्टवेअर चालायला पोर्टवर लावायची की, म्हणजे डाँगल, लागते का? लागत असेल तर ती सोबत आहे का?

केबल मूळची आहे का? इंटरफेस कार्ड, मॉड्यूल, पॅक, अडॅप्टर सॉकेट कोणती आहेत?

वीजपुरवठा आतला की बाहेरचा? बाहेरचा अडॅप्टर हरवला असेल तर त्याचे व्होल्टेज, प्रवाह, एसी की डीसी आणि पिनची ध्रुवता यंत्रावर छापली आहे का? काही जुन्या यंत्रांना एसी देणारा अडॅप्टर लागतो. तिथे डीसी लावला तर यंत्र अर्धवट जागे होते: दिवे लागतात, चिप वाचली जाते, पण उंच व्होल्टेज तयार होत नाही.

झिफ सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागा, दांडा उघडलेल्या अवस्थेत. फटींमधले संपर्क एका ओळीत आणि चकचकीत दिसले पाहिजेत. एखादा आत दबलेला किंवा काळा दिसला तर सॉकेट बदलावे लागेल हे धरून भाव करा. सॉकेट सुटे मिळतात, पण बऱ्याच यंत्रांत ते थेट पाटीवर सोल्डर केलेले असतात आणि चाळीस पिना काढणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

पाचवी पायरी: जुना संगणक लागणार असेल तर

आयएसए किंवा पॅरलल पोर्टच्या यंत्रांत निम्म्या तक्रारी प्रोग्रॅमरच्या नसतातच, संगणकाच्या असतात.

यूएसबी ते पॅरलल केबल चालणार नाही. ती फक्त प्रिंटरची भाषा बोलते; प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरला मात्र पोर्टची एकेक ओळ थेट हलवायची असते. पीसीआय पॅरलल कार्डही बहुधा अडते, कारण त्याचा पत्ता जुन्या ठरलेल्या ३७८ किंवा २७८ या हेक्स पत्त्यांवर नसतो आणि जुने सॉफ्टवेअर दुसरीकडे पाहतच नाही. मदरबोर्डवरच पॅरलल पोर्ट असलेला संगणक घ्या.

विंडोज एनटी आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या प्रोग्रॅमला पोर्ट थेट वापरू देत नाहीत. शुद्ध डॉस किंवा फ्रीडॉस सुरू करून काम करा. विंडोज ९८ असेल तर तिच्या खिडकीत नव्हे, डॉस मोडमध्ये जा, म्हणजे ठोक्यांच्या वेळा मध्येच कुणी मोडणार नाही.

संगणक फार वेगवान नको. त्या काळचे सॉफ्टवेअर वेळ मोजायला रिकामे फेरे मारते. वेगवान प्रोसेसरवर तोच फेरा क्षणात संपतो, ५० मिलिसेकंदांचा ठोका कमी पडतो आणि चिप अर्धवट भरते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले सॉफ्टवेअर तर साधारण २०० मेगाहर्ट्झपुढच्या यंत्रांवर 'रनटाइम एरर २००' दाखवून सुरूच होत नाही. ४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियम सर्वांत योग्य. हार्ड डिस्कच्या जागी आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावा, आवाज आणि जुन्या डिस्कची धाकधूक दोन्ही संपतात.

बायोसमध्ये पोर्टचा मोड बदलून पाहा. काही यंत्रे साध्या एसपीपीवर चालतात, काहींना ईपीपी लागतो. 'प्रोग्रॅमर सापडला नाही' या संदेशावर पहिला उपाय हाच. दुसरा उपाय केबल: २५च्या २५ तारा सरळ जोडलेली आणि दोन मीटरपेक्षा आखूड घ्या. प्रिंटरच्या काही स्वस्त केबलींत सगळ्या तारा नसतात. मल्टिमीटरच्या बझरवर प्रत्येक तार तपासा.

सीरियल यंत्रांना बहुतेक वेळा नल-मोडेम केबल (पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा उलटसुलट जोडलेली) लागते. दोन्ही टोकांना वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट सारखे ठेवा. मोठी फाइल पाठवताना मध्येच अक्षरे गळत असतील तर हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांमधला 'थांब-पाठव' हा इशारा, बंद आहे असे समजा. फाइल इंटेल हेक्स किंवा मोटोरोला एस-रेकॉर्ड स्वरूपात पाठवा, कारण या दोन्हींत प्रत्येक ओळीला चेकसम, म्हणजे बाइटांच्या बेरजेवरून काढलेला पडताळणीचा आकडा, असतो आणि गळती तिथल्या तिथे पकडली जाते. डेटा आय/ओच्या यंत्रांत इंटेल हेक्ससाठी स्वरूपाचा क्रमांक ८३ निवडावा लागतो.

सहावी पायरी: यंत्र घरी आल्यावर, वीज लावण्यापूर्वी

मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो तुमच्या वीजपुरवठ्याला जुळतो का हे पाहा. फ्यूजचा आकडा मागच्या छापील आकड्याशी ताडून घ्या. कुणीतरी मोठा फ्यूज टाकलेला असू शकतो.

झाकण उघडा. वीज येते त्या जागी पिवळसर पारदर्शक आवरणाचे, चिरा पडलेले रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर दिसले तर आधी बदला. चिरांतून ओल शिरते आणि ते वीज लावल्यावर काही मिनिटांत धूर काढतात. निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर तिच्याभोवती हिरवट-पांढरा थर आहे का पाहा. असेल तर बॅटरी काढा, थर सौम्य व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. सॉकेटमधल्या चिप्स थोड्या उचलून परत दाबून बसवा.

सोबत फ्लॉप्या आल्या असतील तर त्या यंत्रात घालण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर त्यांच्या डिस्क इमेज काढा. आधी राइट-प्रोटेक्टची खिटी सरकवा. जुन्या ड्राइव्हच्या मळक्या हेडने एकुलती एक फ्लॉपी खरवडली गेली तर मग काही करता येत नाही.

सातवी पायरी: रिकाम्या सॉकेटवर मोजणी

इथे घाई करू नका. चांगली चिप लावण्यापूर्वी यंत्र खरोखर किती व्होल्ट देते ते मोजा. सॉकेट रिकामे ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये २७१६ निवडा, फाइल भरा आणि रिकामी चिप आहे का हे पाहणारी पूर्वतपासणी बंद करून प्रोग्रॅम सुरू करा. मल्टिमीटरची काळी तार १२ क्रमांकाच्या पिनवर, लाल २१ क्रमांकावर. २४ ते २६ व्होल्टच्या मध्ये आकडा आला पाहिजे. २४ क्रमांकावर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. २७३२एसाठी लाल तार २० क्रमांकावर आणि आकडा २०.५ ते २१.५, इथे व्होल्टेज ठोक्यांत येते, त्यामुळे मल्टिमीटर सरासरी दाखवून कमी आकडा सांगेल, ऑसिलोस्कोप असेल तर तोच लावा. २७६४ आणि २७२५६साठी १ क्रमांकाची पिन, जमीन (ग्राउंड) १४ क्रमांकावर. २७५१२मध्ये उंच व्होल्टेज २२ क्रमांकावर येते, १ क्रमांकावर पत्ता असतो.

२४ पिनांची चिप २८ किंवा ४० पिनांच्या सॉकेटमध्ये बहुधा खालच्या टोकाला लावतात, पण काही यंत्रे वरच्या टोकाला मागतात. सॉफ्टवेअरमधले चित्र पाहा. मोजताना पिनांचे क्रमांक चिपचे धरा, सॉकेटचे नव्हे.

काही यंत्रे रिकाम्या सॉकेटवर पहिल्याच बाइटला चूक दाखवून थांबतात. मग पिना मोजायला वेळ मिळत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमधला स्वचाचणीचा किंवा कॅलिब्रेशनचा मेनू शोधा; मोठ्या यंत्रांत तो असतोच.

आकडा कमी आला तर पहिला संशय वीजपुरवठ्याच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर, दुसरा बाहेरच्या अडॅप्टरवर. जास्त आला तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्यावर काहीच लिहू नका. वाचायला वापरायला हरकत नाही.

आठवी पायरी: पहिले वाचन

ज्या चिपचा मजकूर आधीच माहीत आहे, म्हणजे ज्याची फाइल आणि चेकसम उपलब्ध आहे, अशी एखादी चिप वाचा. तीन वेळा वाचा, दर वेळी काढून परत बसवा. तिन्ही चेकसम एकच आले पाहिजेत.

चेकसम जुळत नसेल तर हेक्स स्वरूपात मजकूर डोळ्यांखालून घाला, दोष कुठे आहे हे तोच सांगतो. बाइट जोडीजोडीने सारखे दिसत असतील, म्हणजे पहिला आणि दुसरा एकच, तिसरा आणि चौथा एकच, तर पत्त्याची ए० ओळ पोचत नाही. फाइलचा पहिला अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यात जसाच्या तसा येत असेल तर सर्वांत वरची पत्त्याची ओळ अडली आहे, किंवा चिप निवडताना तुम्ही मोठा आकार निवडला आहे. सगळ्या बाइटांत एकच बिट कायम १ किंवा कायम ० असेल तर त्या डेटा पिनचा संपर्क तुटला आहे. सगळीकडे एफएफ दिसले तर चिप कोरी आहे, उलटी लागली आहे किंवा तिला वीजच मिळत नाही. चिपवर बोट ठेवून ती तापते का ते लगेच पाहा.

संपर्काचा दोष बहुतेक वेळा चिपच्या पायांवरच असतो. चांदीचा मुलामा असलेले पाय वर्षांनुवर्षे पडून काळे होतात. ग्लास फायबरच्या पेनने हलके घासा, अल्कोहोलने पुसा. झिफ सॉकेटमध्ये अल्कोहोलचे दोन थेंब सोडून दांडा दहा-बारा वेळा उघडझाप करा.

मजकूर बरोबर आहे का हे ओळखायची आणखी एक खूण: झेड८० संगणकाची पहिली रॉम बऱ्याचदा एफ३ किंवा सी३ या बाइटने सुरू होते. ६५०२ संगणकाच्या सर्वांत वरच्या रॉमचे शेवटचे सहा बाइट तीन पत्ते सांगतात आणि त्यांतला मधला पत्ता, म्हणजे रीसेटचा, रॉमच्याच हद्दीत पडला पाहिजे.

एक सूचना कटाक्षाने पाळा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिपची ओळख आपोआप वाचायची सोय असते. त्यासाठी ए९ या पत्त्याच्या पिनवर साधारण १२ व्होल्ट दिले जातात. २७१६, २७३२ यांसारख्या जुन्या चिप्समध्ये अशी ओळख नसते आणि ते व्होल्टेज त्यांना घातक ठरू शकते. जुन्या चिपसाठी ही तपासणी बंद ठेवा.

नववी पायरी: पुसणे आणि लिहिणे

काचेची खिडकी असलेली ईप्रॉम पुसायला २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. नखांच्या रंगासाठीचे किंवा नोटा तपासायचे दिवे लांब तरंगलांबीचे असतात, त्यांनी चिप पुसत नाही. योग्य दिव्याखाली अडीच सेंटिमीटरवर ठेवलेली चिप १५ ते २० मिनिटांत पुसली जाते. दिवा जुना असेल तर जास्त वेळ. खिडकीवरचा लेबलचा चिकटा आधी अल्कोहोलने काढा, नाहीतर त्याखालचा भाग पुसला जात नाही. हा प्रकाश डोळ्यांना इजा करतो, खण बंद असतानाच दिवा लावा. चिप कोरी दाखवायला लागली की लगेच थांबू नका, तेवढाच वेळ आणखी ठेवा. नुकती कोरी झालेली चिप सीमेवर असते आणि दोन दिवसांनी काही बिट परत ० वाचले जातात.

पहिले लेखन स्वस्त, जादाच्या चिपवर करा. २७१६ला प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंद लागतात, २०४८ बाइटांना म्हणजे सुमारे १०२ सेकंद. यंत्राने ती पाच सेकंदांत संपवली तर चुकीची पद्धत निवडली गेली आहे किंवा वेळेचा फेरा बिघडला आहे. २७६४पासून पुढे १ मिलिसेकंदाचे ठोके देत, प्रत्येक ठोक्यानंतर वाचून पाहणारी पद्धत आली. नंतरच्या सीमॉस चिप्सना १०० मायक्रोसेकंद पुरतात. जुन्या चिपवर नवी वेगवान पद्धत चालवली तर भरणी कच्ची राहते.

लेखन झाल्यावर पडताळणी ५ व्होल्टवर करा. यंत्रात सोय असेल तर ४.५ आणि ५.५ व्होल्टवरही करा. ५ला पास आणि ५.५ला नापास अशी चिप पुन्हा भरा. परत नापास झाली तर ती बाजूला काढा.

ठरावीक पत्त्यापासून पुढे सगळे चुकते तेव्हा फाइलचा आकार किंवा सुरुवातीचा पत्ता चुकलेला असतो. हेक्स फाइलमध्ये पत्ता ई०००पासून असेल तर त्यातून ई००० वजा करायचे राहून गेलेले असते आणि बफर (मजकूर तात्पुरता साठवणारी मेमरी) कोराच राहतो. पसरून इकडेतिकडे चुका आल्या तर पुसणे अर्धवट झाले आहे. एकच बिट सगळीकडे चुकत असेल तर परत संपर्क पाहा.

बायपोलर प्रॉमला मात्र सराव नाही. कोऱ्या चिपवर चुकीचा बिट गेला की ती चिप वाया. आधी चिपच्या कंपनीचा नेमका पर्याय निवडला आहे का हे दोनदा पाहा. सिग्नेटिक्स, एमएमआय आणि टेक्सास यांच्या फ्यूज जाळायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. मग बफरचा चेकसम मूळ चिपच्या चेकसमशी ताडा, आणि त्यानंतरच बटण दाबा.

भरलेल्या ईप्रॉमच्या खिडकीवर अपारदर्शक लेबल लावा. सरळ उन्हात उघडी खिडकी साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली काही वर्षांत चिप पुसून टाकते. लेबलावर फाइलचे नाव, चेकसम आणि तारीख लिहा, आणि त्याच चेकसमच्या नावाने फाइल दोन ठिकाणी ठेवा.